पिंपळआळीच्या ठरावातलं चौथं कलम

दप्तरी माझा हुद्दा सॅनिटरी इन्स्पेक्टर. बाजारात मला 'औषधवाले साहेब' म्हणत, कारण उन्हाळ्यात विहिरींतून लाल औषध सोडायचं काम माझ्याकडे असे. आणि माझी पाठ वळली की 'गटारबुवा'. हे तिसरं नाव मला कधी लागलं नाही, कारण पगार त्याचाच मिळत होता. माझ्याकडे एक वेताची छडी होती, तिच्यावर मी चाकूनं इंचांच्या खुणा केल्या होत्या. गटार किती तुंबलंय याबद्दल दोन शेजाऱ्यांची दोन मतं असत. मी छडी बुडवून बाहेर काढली की दोघंही गप्प बसत.

गावाचं नाव लिहीत नाही. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्या जुन्या माणसांना ते ओळखता येईल, आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांच्या लेकीसुना अजून तिथं नांदत आहेत. एवढं सांगतो, की घाट चढायला गाडीला मागून इंजिन जोडतात त्याची शिट्टी आमच्या कचेरीत ऐकू यायची. वेशीबाहेर पडलं की चहूकडे भाताची खाचरं. अशा त्या गावाला स्वतःची एक लहानशी नगरपालिका होती. मूठभर सभासद, एक कारकून, एक शिपाई, झाडूवाले आणि मी.

लढाई नुकतीच संपली होती. रॉकेल अजून रेशनवरच मिळत होतं. आमचे अध्यक्ष म्हणजे गावातले जुने वकील. माणूस सज्जन, आणि सज्जन माणसाला नवी कल्पना सुचली की हाताखालच्या लोकांची धडगत नसते. एके दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "गाव कचेरीतून स्वच्छ होत नाही हो. ज्याची आळी त्यानं सांभाळायला शिकलं पाहिजे. आपण आळीआळीत मंडळं काढू. मंडळानं बसून ठरवायचं, आपल्याला काय हवं आणि त्यासाठी आपण काय करू. ठराव करून आणला की गटार बांधून द्यायचं, दिवा लावून द्यायचा. लोकांना ठराव करायला शिकवायचं काम तुमचं."

आता गटार मोजणाऱ्या माणसाला ठरावाचं काय कळतं? पण शिकलो, आणि खरं सांगायचं तर त्या कामात माझा जीव रमला. आळीतल्या घरांची यादी करायची, रविवारी बैठक भरवायची, मसुदा मोठ्यानं वाचायचा आणि मग प्रत्येक घरागणिक एक सही किंवा एक अंगठा घ्यायचा. एकही घर सुटलं तर ठराव बाद. हा शेवटचा नियम माझा. अध्यक्षांनी बहुमत पुरे म्हटलं होतं. मी म्हटलं, साहेब, आळीत बहुमत चालत नाही. ज्याला विचारलं नाही तोच उद्या गटारात दगड टाकतो. त्यांना ते पटलं, आणि त्या नियमाचा मला पुढे बराच अभिमान वाटत राहिला.

लोकही गमतीचे. पेठेतल्या मंडळानं दिव्याची मागणी केली. ठरावावर सगळ्यांच्या सह्या. मी खांब घेऊन गेलो तर खांब कुणालाच दारात नको. पावसाळ्यात भातावरची पाखरं दिव्यावर झेपावतात आणि ताटात पडतात. शिवाय दिव्याखाली रिकामटेकडे जमतात ते वेगळंच. एक तांदळाचे व्यापारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "दिवा पायजे हो, पण समोरच्यांच्या दारात. उजेड काय, इकडं येईलच की." समोरच्यांनीही हेच सांगितलं. शेवटी खांब धर्मशाळेपुढे उभा केला, कारण धर्मशाळेला तक्रार करता येत नव्हती.

असं हसतखेळत वर्षभरात बरीच मंडळं निघाली. गावातल्या सगळ्या आळ्या झाडणाऱ्यांच्या वस्तीत मात्र मंडळ निघालं नाही. कुणी सुचवलं नाही, आणि मीही सुचवलं नाही.

पिंपळआळीचं मंडळ सर्वांत चांगलं. मारुतीच्या देवळापुढे मोठा पिंपळ, त्याच्या दोन्ही अंगांना घरं. रेल्वेतले नोकर, एक शिंपी, दोन दुकानदार आणि मधोमध शाळेतल्या गुरुजींचं घर. गुरुजी मंडळाचे चिटणीस झाले. चाळिशीचा, किडकिडीत, शब्दाला पक्का माणूस. त्याच्या आदल्या पावसाळ्यात गावात हगवणीची साथ आली होती आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी त्यात गेली होती. गुरुजी तिच्याबद्दल बोलत नसत. पण बैठकीला वेळेआधी येऊन सतरंजी अंथरायचे, मसुदा स्वतःच्या अक्षरात चारचार वेळा लिहायचे, ते कशासाठी हे आळीला ठाऊक होतं.

आळीच्या टोकाला सोनाबाईचं घर. नवरा रेल्वेच्या गँगमध्ये होता, तो वारला. मूल नाही. घरामागे गोठा आणि गोठ्यात तीन म्हशी, एवढा तिचा संसार. आळी त्या दुधावर वाढलेली. बाळंतिणीला, आजाऱ्याला ती न मागता दूध नेऊन द्यायची. शेण तर सगळ्यांना मोकळं होतं. पहाट झाली की आळीतल्या बाया पाट्या घेऊन तिच्या गोठ्यात जायच्या, कारण घरं सगळी मातीच्या जमिनीची आणि जनावर दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

या गोठ्याच्या मागे उकिरडा होता आणि उकिरड्यापलीकडे आळीची विहीर. विहिरीपासून उकिरडा किती लांब हवा हा माझ्या धंद्यातला पहिला धडा. सोनाबाईचा उकिरडा त्याच्या निम्म्या अंतरावर होता. पावसात त्याचं पाणी कुठे जात असेल हे सांगायला छडीची गरज नव्हती. म्हणजे दोष होता, पण तो उकिरड्याचा होता, म्हशींचा नव्हता. उकिरडा उचलून आळीबाहेर उताराच्या अंगाला नेला असता तर काम भागत होतं. हे त्या आळीत मला एकट्याला नेमकं माहीत होतं.

देवदिवाळी होऊन गेल्यावर गुरुजी मसुदा घेऊन कचेरीत आले. चार कलमं होती. पहिलं, दगडी गटार मिळावं. दुसरं, देवळापाशी दिवा मिळावा. तिसरं, केरासाठी आळीबाहेर खड्डा खणावा आणि सर्वांनी केर तिथंच टाकावा. चौथं, आळीच्या हद्दीत गुरंढोरं बांधू नयेत, बांधलेली पावसाळ्यापूर्वी हलवावीत.

मी चौथ्या कलमावर बोट ठेवून म्हटलं, "गुरुजी, म्हशी काढायलाच हव्यात का? उकिरडा हलवला तरी..."

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "साहेब, हे मंडळ आमचं की तुमचं?"

मी कलमावरचं बोट मागं घेतलं. वर्षभर आळीआळीत फिरून मी हेच तर सांगत होतो, की मंडळ तुमचं, ठराव तुमचा, कचेरी फक्त ऐकून घेणार. आणि समोर मूल गेलेला बाप. त्याच्याशी पावलांचा हिशेब कसा घालायचा? मी मनाशी म्हटलं, बैठकीत सोनाबाई आहेच. तिचं म्हणणं ती मांडेल. लोक ठरवतील. आज लिहिताना हे कळतं, की 'लोक ठरवतील' हे वाक्य मी तेव्हा स्वतःची मान सोडवून घेण्यासाठी वापरलं.

बैठक रविवारी सायंकाळी देवळापुढे भरली. पुरुष सतरंजीवर. बायका पिंपळाच्या पारापलीकडे, गुरुजींच्या ओसरीवर आणि पायऱ्यांवर. ही आमच्याकडची रीतच. त्यांना कुणी लांब बसा म्हटलं नाही आणि कुणी जवळ याही म्हटलं नाही. मी उभा राहून चारही कलमं खणखणीत आवाजात वाचली. माझ्या वाचनाची तारीफ होत असे. हरकत कुणाची आली नाही. पुरुषांनी सह्या केल्या, अंगठे दिले. मग ज्या घरांचा पुरुष कामावर होता किंवा नव्हताच, त्यांच्यासाठी मी शाईची डबी घेऊन ओसरीकडे गेलो. गुरुजी तेवढ्यात दिव्याची जागा दाखवायला अध्यक्षांबरोबर गेले होते, म्हणून त्यांच्या घराची सही त्यांच्या बायकोनं केली. या वहिनींना लिहिता येत होतं. सर्वांत शेवटी सोनाबाई राहिली.

"भाऊ, सगळ्यांचं झालं?" तिनं विचारलं.

"सगळ्यांचं. तुमचंच राहिलंय."

"मंग घ्या. माज्या एका अंगठ्यापायी आळीचं गटार नको अडायला." असं म्हणून तिनं अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर नीट दाबून धरला. मला नवल वाटलं. मनाचा मोठेपणा बघा, असंही मी परतताना अध्यक्षांना म्हणालो.

तो ठराव खूप गाजला. एकही घर सुटलेलं नाही, भांडण नाही, गुरुजींचं मोत्यासारखं अक्षर. त्याची नक्कल काढून आम्ही शेजारच्या गावांना नमुना म्हणून पाठवली. फाल्गुनात गटार बांधून झालं. जिल्ह्याहून एक अधिकारी पाहायला आले तेव्हा मी त्यांना छडीनं गटाराचा उतार दाखवला. त्यांनी पाठ थोपटली. माझ्या सबंध नोकरीत पाठ थोपटली गेली ती तेवढी एकदाच.

चैत्रात चौथ्या कलमाची नोटीस घेऊन मी सोनाबाईच्या दारात गेलो. ती म्हशीला पाणी पाजत होती. मी मजकूर सांगितला तेव्हा तिनं बादली खाली ठेवली.

"कुनाचा ठराव?"

"आळीचा. तुम्ही अंगठा दिलाय त्याच्यावर."

"मी गटारासाठनं दिला."

"चौथं कलम म्हशींचं होतं. मी वाचून दाखवलं होतं, सोनाबाई. सगळ्यांसमोर."

"आमी पाराच्या मागं बसलो व्हतो. पिंपळावर पाखरांचा गलका. तुमचा आवाज पुडच्या रांगेपुरता, भाऊ. आमाला तुमचे हात हलल्याले दिसत व्हते."

मला राग आला. आपली चूक दिसली की माणसाला आधी रागच येतो. मी म्हटलं, "ऐकू येत नव्हतं तर तेव्हाच विचारायचं."

"गड्यांच्या मिटिंगीत मधीच उठून? तुमी उटू दिलं असतं?"

माझ्याच नियमात एक पोटनियम होता. वाचून न दाखवता घेतलेला अंगठा धरायचा नाही. तो अंगठा गेला की एक घर सुटलं, आणि घर सुटलं की सबंध ठराव बाद. तेवढी एक ओळ लिहून मी अध्यक्षांपुढे ठेवली असती तर म्हशी गोठ्यात राहिल्या असत्या. पण गटार बांधून झालेलं, नकला गावोगाव गेलेल्या, पाठ थोपटून झालेली. मी नोटीस तिच्या हातात दिली आणि सायकलवर बसलो.

सोनाबाई भांडली नाही. मुदतीच्या आत तिनं म्हशी सोडल्या आणि नदीपलीकडे दिराच्या शेतात नेऊन बांधल्या. म्हशींना सोडून राहणं जमेना, म्हणून तिथंच खोप घालून राहिली. आळीतल्या घराला कुलूप लागलं, मागचा उकिरडा आमच्या झाडूवाल्यांनी उपसला. पावसात नदी चढली की तिला दिवसच्या दिवस गावात येता येत नसे. दूध तिकडे नासून जायचं. श्रावण संपायच्या आत एक म्हैस तिनं नेरळच्या एका माणसाला विकली, तो माथेरानच्या हॉटेलांना दूध पुरवायचा.

हेही लिहिलं पाहिजे, की त्या पावसाळ्यात पिंपळआळीत हगवण आली नाही. गटारामुळे, उकिरडा गेल्यामुळे की नुसत्या दैवानं, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. माश्या कमी झाल्या होत्या. आळी खरोखर नेटकी दिसत होती. कुणी केर बाहेर टाकला तर शेजारी हटकत. अध्यक्षांना जे हवं होतं ते सगळं झालं होतं.

मग दिवाळी आली आणि आळीला कळलं की आपल्याकडे शेण नाही. पावसानं उखडलेल्या जमिनी सारवायच्या, अंगण चोपून सडा घालायचा, त्याशिवाय रांगोळी कशावर काढणार? शिंप्याची बायको दुसऱ्या आळीत मागायला गेली, तर तिथल्या बाईनं ऐकवलं, "तुमची आळी सुदारलेली. तुमाला शेण कशाला लागतं गं?" दोन बाया स्टेशनकडच्या रस्त्यावर बैलगाड्यांच्या मागून पाट्या घेऊन चाललेल्या मी स्वतः पाहिल्या. गावात हा विषय पुष्कळ दिवस पुरला. हसण्यात मीही होतो.

दिवाळीनंतर एका दुपारी वहिनी, गुरुजींच्या पत्नी, कचेरीत आल्या. घरंदाज बाई एकटी कचेरीत येणं तेव्हा सोपं नव्हतं. कारकून उठून उभा राहिला. त्या माझ्या टेबलापाशी येऊन हळू म्हणाल्या, "तो ठराव मोडता येतो का?"

"कोणता?"

"म्हशींचा. माझी सही आहे त्यावर. पण मलाही ऐकू आलं नव्हतं. नंतर घरात कळलं, तेव्हा ह्यांच्यासमोर बोलवेना. ह्यांना वाटतं त्यांनी मुलीसाठी एवढं तरी केलं. ती आजारी होती ना, तेव्हा सोनाबाई रोज ताक घेऊन यायची. शेवटच्या दिवसापर्यंत."

दुसऱ्या दिवशी मी ठरावाचा मूळ कागद घेतला आणि नदी ओलांडून गेलो. भात कापून झालेलं. सोनाबाई खळ्यापाशी पेंढा रचत होती. तिनं मला बसायला गोणपाट दिलं. मी सांगितलं, की चूक माझी आहे, तुम्हाला ऐकू आलं नव्हतं असं मी लिहून देतो, ठराव रद्द होईल, म्हशी परत आणा. वहिनी येऊन गेल्या तेही सांगितलं.

"पयल्यांदा वाचा तर," ती म्हणाली. "काय व्हतं त्यात ते मला अजून ठावं नाय."

मी वाचलं. चारही कलमं, तिच्यासमोर बसून, सावकाश. तिनं प्रत्येक कलमाला मान हलवली. चौथं झाल्यावर विचारलं, "म्हशींनी काय केलं व्हतं?"

मग मला उकिरड्याचं सांगावं लागलं. विहीर किती लांब, पाणी कुठून झिरपतं, गुरुजींची मुलगी. हे सगळं मी पहिल्यांदाच कुणाला तरी उलगडून सांगत होतो. ती पेंढ्याची एक काडी मोडत ऐकत राहिली.

"त्यापायी पोर गेली?" तिनं विचारलं.

"नक्की नाही सांगता येत. असेलही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "भाऊ, गुर्जींचं दार माज्या दारापासनं किती लांब हो? एकदा येऊन सांगायचं व्हतं, बाई, तुजा उकिरडा हिरीच्या अंगाला हाय. त्याच दिशी मी एकटीनं उपसून नेला असता. त्याला ठराव कशाला पायजे व्हता?"

मी कागदाची घडी केली. ठराव मोडू नका, असं तिनंच सांगितलं. मोडला तर आळीत तोंडं फिरतील, आणि म्हशी आता इथं रुळल्यात. मी दोनदा आग्रह केला. ती नाय म्हणाली. मी निघालो तेव्हा तिनं गोठ्यातून शेणाची पाटी भरून आणली, वर पळसाची पानं झाकली आणि सायकलच्या कॅरिअरला सुंभानं बांधून दिली. "वैनींना द्या. दिवाळीला त्यांची ओसरी तशीच राहिली आसंल."

सॅनिटरी इन्स्पेक्टर टोपी घालून, शेणाची पाटी घेऊन पिंपळआळीत शिरला तेव्हा दारादारात माणसं उभी राहिली. हसलं कुणी नाही. पाटी कुणाची हे शिंपीणबाईनं लांबूनच ओळखलं. गुरुजी ओसरीवर वह्या तपासत बसले होते. ते उठून खाली आले. सुंभाची गाठ घट्ट बसली होती, ती त्यांनी स्वतः सोडवली आणि पाटी दोन्ही हातांत घेऊन उभे राहिले. वहिनी आत उंबऱ्याशी होत्या.

"येणार नाहीत का त्या?" गुरुजींनी विचारलं.

"नाही म्हणाल्या."

"आणखी काय म्हणाल्या?"

'एकदा येऊन सांगायचं व्हतं' हे तिचं वाक्य सांगायला हवं होतं. पण त्या माणसाकडे पाहून मला धीर झाला नाही.

"पाटी परत पाठवा म्हणाल्या," मी म्हटलं.